सहा नंबरची प्लेट उतरते

४ जून

ताई,

वाकून नमस्कार. वाकून अशासाठी की सकाळी पंपाखालचा बोल्ट काढायला जो वाकलो तो अजून सरळ झालेलो नाही.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाळ्या, तू मेला काही सांगतच नाहीस." सांगणार कधी? फोनवर तू बोलतेस आणि मी "हो हो" करतो. आपलं लहानपणापासून असंच चालत आलंय. म्हणून पत्र लिहितोय. कागद मला मध्येच तोडत नाही.

तर माझं बरं चाललंय. रबराचे वायसर बनवणारा कारखाना तोच आणि त्यातला प्रेसचा मिस्त्रीही तोच. प्रेस म्हणजे काय ते तुला एकदा समजावलं होतं, पण तू ऐकता ऐकता झोपलीस, म्हणून पुन्हा सांगतो. खाली साचा, वर तापलेली जाड लोखंडी प्लेट. चालवणारा साच्यात हाताने रबराचे तुकडे मांडतो, बटण दाबतो, प्लेट खाली येऊन दाब देते, रबर शिजतं, प्लेट वर जाते. हे सगळं तेलाच्या जोरावर. पंप तेलाला ढकलतो, तेल दट्ट्याला ढकलतं, दट्ट्या प्लेटला ढकलतो, आणि यात कुठे काही गळलं किंवा अडलं की सगळे मिळून मला ढकलतात.

मिस्त्रीला बोलवायची आमच्याकडे एक पद्धत आहे. मशीनमध्ये काही खोट वाटली की चालवणाऱ्याने हँडलला लाल फडकं बांधायचं. मी जायचं, तपासायचं, आणि मशीन धड असलं तर माझ्या हाताने ते सोडायचं. फडक्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मॅनेजर साहेबांनीसुद्धा नाही. मी फडकं सोडलं म्हणजे "मशीन ठीक आहे, बिनधास्त हात घाला" असं मी सांगितलं. एवढ्या मोठ्या कारखान्यात माझं राज्य किती, तर एका फडक्याएवढं.

आता मुद्दा. सहा नंबरच्या प्रेसवर एक बाई आल्या आहेत. आधी काचेच्या कारखान्यात होत्या. बोलणं कमी, कामाला वाघ. घरी त्या आणि त्यांची आई, दोघीच. हे मी विचारलेलं नाही, पॅकिंगवाल्यांनी आपणहून सांगितलं. तर या बाईंनी आठवड्यात दोनदा फडकं बांधलं. तक्रार एकच: "मिस्त्री, प्लेट वर थांबत नाही. हळूहळू खाली उतरते." पहिल्यांदा मी दुसऱ्या पंपात अडकलो होतो, पोचलो तेव्हा पाळी संपत आली होती आणि प्रेस केव्हाचा बंद. चालू करून बघितला, प्लेट जागच्या जागी. दुसऱ्यांदाही तेच. दोन्ही वेळा फडकं सोडून आलो.

मशीनला काही झालेलं दिसत नाही. बाई नव्या आहेत म्हणून घाबरतात, की माझंच कसब गेलं? सत्तेचाळीस म्हणजे काही जास्त वय नाही. भाऊजींना नमस्कार.

तुझा
बाळ्या


११ जून

बाळ्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा कपाळावर हात मारून घेतला.

अरे, एक बाई आठवड्यात दोनदा तुला बोलावते. तू जातोस तर मशीनमध्ये काहीच सापडत नाही. आणि तू मला विचारतोस की तुझं कसब गेलं का? कसब नाही रे, अक्कल गेली, आणि ती पहिल्यापासूनच कुठे होती म्हणा! मशीनला काही झालेलं नाही गाढवा. तुझ्या लक्षात येतंय का मी काय म्हणतेय? नसेल येत तर भिंतीवर डोकं आपटून पुन्हा वाच.

मला यातलं कळतं. हसू नकोस. मी जमवलेल्या लग्नांपैकी दोन मोडली आणि एका घरातून मला अजून शिव्या येतात, हे सगळं मान्य. पण बाईमाणसाच्या मनात काय आहे हे ओळखण्यात माझी चूक होत नाही. लग्नं मोडतात ती पुरुषांमुळे.

तुझं पत्र यांनाही वाचायला दिलं. वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, "प्लेट उतरत असेल." झालं! एवढंच! या माणसाला प्रेमातलं ओ की ठो कळत नाही, हे मी लग्न झाल्या दिवसापासून सांगत आलेय.

आता नीट ऐक. पुढच्या वेळी तिने फडकं बांधलं की दुपारी जाऊ नकोस. दुपारी तू कसा दिसतोस ते मला माहीत आहे. तेलात बुडवून काढलेला बोका बरा. निरोप पाठव, "उद्या सकाळी येतो." सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, मिशी सारखी करून जा. आणि तोंडात पाना धरून बोलायची तुझी सवय आहे ती तेवढ्यापुरती बंद ठेव.

बाळ्या, थट्टा नाही. आई गेल्यावर तू एकटा त्या खोलीत राहतोस, हे माझ्या जिवाला लागून असतं. देवाने कुणाला तरी सुबुद्धी दिली असेल तर तिचं मातेरं करू नकोस.

तुझी
ताई


२० जून

ताई,

तू म्हणजे अशक्य आहेस. मी म्हटलं, ताईच्या डोक्यात काहीही येतं, आपण लक्ष द्यायचं नाही. आणि दुसऱ्याच दिवशी शर्टाला इस्त्री केली.

सोमवारी जेवणाची सुट्टी संपली आणि सहा नंबरवर फडकं दिसलं. मी निरोप पाठवला, उद्या सकाळी येतो. सकाळी काय थाट! इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी, मिशी कातरताना एका बाजूची जास्त गेली म्हणून दुसऱ्या बाजूचीही कातरली, ती जरा जास्त झाली म्हणून पुन्हा पहिल्या बाजूची. उरली आहे ती मिशी म्हणायची का, हा प्रश्न आहे. फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, "मिस्त्री, आज कुणाला बघायला जाताय का?"

प्रेस नुकताच चालू केला होता. प्लेट वर नेऊन ठेवली, शेजारी खडूने खूण केली आणि एक अख्खा चहा होईस्तोवर थांबलो. प्लेट केसभर हलली नाही. शहाण्या बाळासारखी उभी. मी म्हटलं, "बाई, ही तर ठीक आहे." त्या म्हणाल्या, "आत्ता नाही उतरणार. सकाळी कधीच नाही उतरत. तुम्ही जेवणानंतर या ना."

ताई, "जेवणानंतर या ना." मी खडू खिशात ठेवला, तो शर्टाला लागला.

आणखी एक. फडकं सोडायला गेलो तर ते आमच्या भांडारातलं तेलकट चिरगूट नव्हतं. स्वच्छ धुतलेलं, लाल रंग वर आलेला, कडेला बारीक टाके घातलेले. सगळ्या कारखान्यात असं फडकं कुणी बांधलेलं मी बघितलं नाही. घडी करून खिशात ठेवलं. भांडारात द्यायचं राहून गेलं आहे.

जेवणानंतर जावं असं मनात खूप आलं. पण त्याच दिवशी दोन नंबरची नळी फुटली आणि मी नखशिखांत माखलो. त्या अवतारात कसा जाणार? तूच सांग. गुरुवारी पुन्हा फडकं बांधलं, मी पुन्हा सकाळी गेलो. प्लेट उभी. या वेळी बाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटतं, ताई, तू म्हणतेस ते अगदीच खोटं नसावं.

तुझा
(मिशी वाढवत असलेला)
बाळ्या


२६ जून

बाळ्या,

फडकं धुऊन, टाके घालून? आणि तू ते खिशात ठेवलंस? अरे देवा, आता तर आंधळ्यालाही दिसेल! मी हे पत्र उभ्यानेच लिहितेय, बसवतच नाहीये.

आता मशीनकडे बघणं बंद कर. मशीन काय पळून जातंय? तिच्याकडे बघ. पुढच्या वेळी म्हण, "बाई, चहा घ्यायचा का?" एवढे चार शब्द तोंडातून काढ, मग पुढचं मी बघते. नुसत्या बघत राहिल्या म्हणजे बिचारी तुझ्या बोलण्याची वाट बघत होती, ठोंब्या.

हे विचारतायत, प्लेट उतरायची थांबली का. मी म्हटलं, तुम्ही पेपर वाचा.

ताई


९ जुलै

ताई,

चहाचं विचारलं नाही. आता कधी विचारीन असं वाटतही नाही.

मागच्या बुधवारी दुपारी प्लेट उतरली. बाई साच्याच्या मागच्या रांगेत तुकडे मांडत होत्या. प्लेट वरून सरकत आली, आवाज नाही काही नाही. हाताच्या पाठीला चटका बसला तेव्हा त्यांना कळलं. हात ओढला तोवर दोन बोटं साच्याच्या कडेत सापडली. पाच नंबरवाल्याने धावत येऊन प्लेट वर घेतली म्हणून निभावलं. हाड शाबूत आहे, पण बोटांची टोकं चेमटलीत, एक नख गेलं आणि हाताची पाठ भाजली. मी पोचलो तेव्हा त्यांचा हात पाण्याच्या बादलीत होता. ओरडल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सांगत होते ना."

बस. एवढंच म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांना दवाखान्यात नेलं आणि मी प्रेसपाशी उभा राहिलो. तेल तापलेलं होतं. ताई, या कामात माझे केस पांढरे झाले. गार तेल जाड असतं, बारीकशा फटीतून जात नाही. तेच तेल तापलं की पातळ होतं आणि सुईच्या टोकाएवढ्या वाटेनेही निघून जातं. म्हणून सकाळी प्लेट उभी राहते आणि जेवणानंतर उतरते. हे कालच्या पोरालाही ठाऊक असतं. ती बाई मला तेच सांगत होती, वेळेसकट सांगत होती, आणि मी "या ना" ऐकत बसलो. सकाळी काय बघायला जात होतो मी? इस्त्रीचा शर्ट घालून गार मशीन!

फडक्याचंही कळलं. पाच नंबरवाल्याने सांगितलं. भांडारातली फडकी इतकी काळी असतात की लाल आहेत हे दिसतच नाही. मिस्त्रीला बहुतेक दिसत नसेल म्हणून बाईंनी घरी नेऊन धुतलं. विरत होतं म्हणून कडेला टाके घातले.

आता पुढचं ऐक. सोमवारी चौकशी आहे. मॅनेजर साहेबांचं म्हणणं असं की फडकं मिस्त्रीने सोडलं होतं, म्हणजे मशीन धड होतं, म्हणजे बाईंनीच हयगय केली. असं ठरलं तर त्यांना प्रेसवरून काढतील, कदाचित कामावरूनही. मी नुसता गप्प बसलो तरी तसं ठरेल. मला काही करावंच लागणार नाही. आणि बोललो, तर पहिला प्रश्न येणार: बाई दुपारी बोलावत होत्या तर तुम्ही सकाळीच का जात होतात? त्याचं खरं उत्तर काय आहे ते तुला माहीत आहे. ते उत्तर चारचौघांत कसं सांगायचं, हे मला कळत नाही.

तुझ्यावर राग आहे. पण पत्र तू लिहिलंस, फडकं मी सोडलं.

बाळ्या


१२ जुलै

बाळ्या,

आधी एक पत्र लिहिलं होतं. त्यात लिहिलं होतं की सांभाळून बोल, तेलाचं वगैरे काहीतरी सांग, नोकरी जपून ठेव. यांनी ते वाचलं आणि मला न विचारता फाडून टाकलं. इतक्या वर्षांत या माणसाने माझी एक चिठ्ठीही फाडली नव्हती. मी भांडायला उठले आणि उठता उठताच खाली बसले, कारण फाडलं ते बरंच केलं.

चूक माझी आहे. तू एकटा आहेस, हे माझ्या डोक्यात भुतासारखं बसलेलं. कुठल्याही बाईचं नाव निघालं की मला लगेच मांडवच दिसतो. त्या बिचारीने तोंडाने स्पष्ट सांगितलं की लोखंड अंगावर येतंय, आणि मी इथे शेकडो मैलांवर बसून ठरवलं की नाही, तिच्या मनात दुसरंच आहे. मी स्वतः बाई असून एका बाईच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. लाज वाटते मला.

सोमवारी खरं सांग. सगळं. लोक हसतील. हसू देत. तुला काय, जन्मभर हसतच आलेत, मीच पहिली. तिचा हात आणि तिचं काम आधी, तुझी अब्रू मागाहून. नोकरी गेली तर इथे ये, आमचा पाण्याचा पंप कायमच बिघडलेला असतो.

म्हण की बहिणीने शिकवलं. माझं नाव घेतलंस तरी चालेल.

ताई


१९ जुलै

ताई,

तुझं नाव घेतलं नाही. एका घरातला एकच मूर्ख कारखान्याला पुरे.

आधी मशीनचं. चौकशीच्या आदल्या दिवशी मी सहा नंबर दुपारपर्यंत चालवला. इस्त्रीचा शर्ट नाही, मळके कपडे. तेल चांगलं तापू दिलं. साच्यावर लाकडी ठोकळे रचले, प्लेट वर नेली, पंप बंद केला आणि बसलो. उतरली. अगदी बाई सांगत होत्या तशी. मग परतीच्या नळीचा जोड सैल करून बघितलं. प्लेट वर धरून ठेवणारा एक व्हॉल्व्ह असतो, तो बंद असला की तिथून एक थेंब येता कामा नये. थेंबामागून थेंब येत होते. व्हॉल्व्ह खोलला. आत बसायच्या जागेवर सुताचा धागा आडवा पडलेला, पापणीच्या केसाएवढा. त्याच्यामुळे व्हॉल्व्ह पुरता मिटत नव्हता. आता हे सूत कुठून आलं? मागे मी तेलाची टाकी रिकामी करून आतून पुसली होती, सुताच्या बोळ्याने, आरशासारखी. सगळ्यांना बोलावून दाखवलीसुद्धा होती. टाकीत सुताने पुसू नये, धागे सुटतात, हे मीच सगळ्यांना शिकवतो. त्या दिवशी चकाकी हवी होती.

मग चौकशी. कँटीनमध्ये होती, कारण साहेबांच्या खोलीत तीनच खुर्च्या. भिंतीला लागून निम्मा कारखाना उभा. बाई समोर बसलेल्या, हाताला जाडजूड पट्टी.

साहेबांनी विचारलं, "मिस्त्री, फडकं तुम्ही सोडलंत. म्हणजे मशीन ठीक होतं. बरोबर?"

मी म्हटलं, "नाही."

"नाही म्हणजे? तपासलं नव्हतंत?"

"तपासलं. सकाळी. गार तेलावर. बाई म्हणत होत्या दुपारी या. त्यांचं बरोबर होतं. हयगय त्यांची नाही, माझी आहे."

इथे थांबता आलं असतं, ताई. मला वाटलं, सुटलो. पण साहेब कसले सोडतात! म्हणाले, "इतकी वर्षं काम करताय. गार तेलावर काही कळत नाही हे तुम्हाला माहीत नव्हतं? दुपारी का नाही गेलात?"

मी म्हटलं, "दुपारी माझे कपडे खराब असतात."

मागे कुणीतरी खुसखुसलं. साहेबांना वाटलं मी टिंगल करतोय. "मिस्त्री, नीट उत्तर द्या."

"नीटच देतोय साहेब. मला वाटलं, बाई मशीनसाठी बोलावत नाहीत. मशीनचं निमित्त करून मला बोलावतायत. म्हणून मी अंघोळ करून, शर्टाला इस्त्री करून सकाळी जात होतो."

मग जे हसले, ताई! पॅकिंगवाले टेबलं बडवत होते. चहावाला किटली खाली ठेवून हसत होता. "तरीच मिशी गेली!" कुणीतरी ओरडलं. साहेबसुद्धा रुमाल तोंडाला लावून खिडकीकडे वळले. माझे कान इतके तापले की त्यावर रबर शिजलं असतं. हसत नव्हती ती एकटी. ती माझ्याकडे बघतही नव्हती, पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचत होती. तिचं तरी चुकलं कुठे? माझ्या मूर्खपणात तिचंही नाव सगळ्या कँटीनभर झालं. हे मी आधी लक्षातच घेतलं नव्हतं. मला वाटलं होतं, लाज फक्त माझीच जाणार.

निकाल असा: बाईंवर काही ठपका नाही. हात बरा होईपर्यंत भरपगारी सुट्टी, मग पुन्हा सहा नंबर, त्यांना हवा असेल तर. मला लेखी ताकीद. आणि वर्षभर मी एकट्याने फडकं सोडायचं नाही, बॉयलरचा मिस्त्री बघेल आणि तो सोडेल. गेलं माझं राज्य.

काल बाई कारखान्याच्या दवाखान्यात पट्टी बदलायला आल्या होत्या, तशाच माझ्या वर्कशॉपमध्ये आल्या. मी उभा राहिलो. स्टूल पाडलं.

म्हणाल्या, "मिस्त्री, एक सांगते. मी मशीन बिघडलंय म्हटलं की मशीन बिघडलेलं असतं."

मी म्हटलं, "हो."

"आणि मला कुणाला भेटायचं असलं तर मी तसं म्हणते. 'भेटायचंय' म्हणून. मला तोंड आहे. त्यासाठी फडकं बांधत बसत नाही."

मी पुन्हा "हो" म्हटलं. बघ, फोनवर असो की समोर, माझं तेच.

मग म्हणाल्या, "आत काय निघालं?" मी डबीत जपून ठेवलेला धागा त्यांच्या पुढे धरला. बराच वेळ बघत होत्या. "एवढंसं?" म्हणाल्या. मी म्हटलं, "एवढंसंच. आणि तेही माझंच." माफीही मागितली, धड शब्दांत नाही आली, पण मागितली. त्या म्हणाल्या, "बरं," आणि गेल्या.

तू त्यांना पत्र लिहिशील अशी मला भीती आहे. लिहू नकोस.

बाळ्या


२७ जुलै

बाळ्या,

नाही लिहिणार. शप्पथ. दोनदा लिहायला बसले होते, यांनी पेनच उचलून ठेवलं.

तू बोललास ते ऐकून रडू आलं आणि मिशीचं वाचून हसू आलं, दोन्ही एकदम. आई असती तर तिने तुला आधी झोडपलं असतं आणि मग जवळ घेतलं असतं.

मी काहीसुद्धा विचारत नाहीये. नुसतं एवढंच, की ती कामावर परत आली का? आणि आली असली तर ते 'भेटायचंय' म्हणाली का? हे शेवटचं विचारलं ते यांना कळू देऊ नकोस.

ताई


२३ ऑगस्ट

ताई,

उत्तराला उशीर झाला. त्या आल्या. हात बरा आहे, नख अजून यायचंय. साहेब म्हणाले पॅकिंगला बसा, त्या म्हणाल्या सहा नंबरच पाहिजे.

पहिले काही दिवस फार वाईट गेले. प्रत्येक वेळी आत हात घालायच्या आधी त्या वर प्लेटकडे बघायच्या. घालायच्या, पुन्हा बघायच्या. माल निम्माही निघत नव्हता. मी दूरवरून पाहायचो आणि जीव थोडा थोडा व्हायचा. व्हॉल्व्ह नवा आहे, तेल गाळून घेतलंय, हे त्यांना सांगून काय उपयोग? मी आधीही फडकं सोडून "ठीक आहे" असं सांगितलंच होतं.

त्यानंतर त्यांचं बोलावणं दोनदा आलं. तू विचारलंस म्हणून सांगतो: दोन्ही वेळा मशीनच बिघडलं होतं. एकदा एक नळी पाझरत होती, एकदा दाब कमी पडत होता. दोन्ही वेळा दुपारीच गेलो, होतो तसा, कोपरापर्यंत तेलात. त्यांनी काय दिसलं ते सांगितलं, मी तेवढं ऐकलं आणि तेवढंच दुरुस्त केलं. बॉयलरच्या मिस्त्रीने फडकं सोडलं.

दुसऱ्या वेळी मी हत्यारं गोळा करत होतो. त्यांनी तुकडे उचलले आणि आत हात घालून मागच्या रांगेपर्यंत मांडायला लागल्या. मांडता मांडता मला म्हणाल्या, "मिस्त्री, पाच नंबरचाही आवाज वेगळा येतोय, जाता जाता बघा." हात आत होता, ताई, आणि त्यांनी वर एकदाही बघितलं नाही.

मी मात्र त्यांचा हात बाहेर येईपर्यंत प्लेटवरची नजर काढली नाही. मग पाच नंबरकडे गेलो.

बाळ्या